इतर, नग चार

महापालिकेनं मला एक टॅब दिला,
एक फीत, खडूचा डबा आणि काटोल रोडची डावी बाजू.
अकरा महिन्यांचं कंत्राट. झाड दिसलं की मोजायचं:
खोडाचा घेर, अंदाजे उंची, प्रकृती.
कडुलिंब, कडुलिंब, गुलमोहर, कडुलिंब,
मग सप्तपर्णी, ओळीनं, एकाच नर्सरीतली भावंडं.
एप्रिलची दुपार. टॅबसुद्धा म्हणाला,
तापमान जास्त आहे, मला थोडा वेळ बंद ठेवा.

गिट्टीखदानच्या पुढं, एका गोदामाच्या मागं,
पाण्याचे टँकर धुतात तिथं
ते उभं होतं. ठेंगणं.
सुसरीच्या पाठीसारखी साल, चौकोनी भेगांची,
पानं जाड, धुळीनं आणखी जाड,
फांद्यांच्या टोकांना काळपट जांभळे मणी,
वाटाण्याएवढे.

यादीत एकशे बावन्न नावं होती. हे नव्हतं.

खाली पोत्यावर इंदरकला उईके बसली होती,
पळसाच्या पानांचे द्रोण काडीनं टाचत.
"हे कशाचं झाड, मावशी?"
"चार."
"चार कुठं? एकच तर आहे."
ती इतकी हसली की टोपली कलंडली.
"चार म्हंजे चारच ना, बाप्पा!
बासुंदीत काय टाकता मंग तुम्ही?"

आमच्या घरी चारोळी यायची इतवारीतून,
पुडीत, पन्नास ग्रॅम. आई ती कुंकवासारखी जपायची.
बी ओळखीचं होतं.
त्याचे आईबाप कोण, हे कधी विचारलं नव्हतं.

"कोणी लावलं हे?"
"लावते कोन? बुलबुलानं हागलं असंन,
नाहीतं माह्या सासूनं थुकलं असंन.
इथंच बसे ती. विके कमी, खाय जास्त."

एक फळ तिनं माझ्या हातावर ठेवलं.
पातळ साल, त्याहून पातळ गर,
गोड म्हणावं तोवर आंबट,
आंबट म्हणावं तोवर संपलेलं.
मग नुसता दगड, दाताला न जुमानणारा.

नावाच्या रकान्यात यादीबाहेरचं चालत नाही.
म्हणून शेऱ्यात लिहिलं: चार.
मुख्यालयात कुणीतरी, बहुधा गजघाटे साहेबांनीच,
शेरा उचलून संख्येत ठेवला.
छापून आलं: प्रजाती इतर, नग चार.

दुरुस्तीचा अर्ज केला. उत्तर आलं,
झाडं कमी करायची तर समितीची मंजुरी लागते.

ती मंजुरी पुढच्या फेब्रुवारीत आली,
अर्जावर नाही, गटाराच्या लाइनीवर.
इतरपैकी एक तोडण्यास हरकत नाही.
तेव्हा झाड मोहरलेलं होतं, पांढुरकं, बारीक,
मधमाश्या करवतीच्या आवाजातही काम करून राहिल्या होत्या.
वीस मिनिटं लागली.
कापणाऱ्या पोट्ट्यानं कागद पाहिला, आजूबाजूला पाहिलं.
"बाकीचे तीन कुठं हायेत, सर?"

त्या तिघांची पाहणी आता माझ्याकडं आहे,
दर सहा महिन्यांनी.
कंत्राट त्यामुळंच वाढलं, असं लोक म्हणतात.
मेमध्ये जातो. इंदरकला टँकरच्या सावलीत असते,
टँकर हलला की तीही हलते.
चार आता देवलापारकडून आणते, पहाटेच्या बसनं,
टोपलीचं अर्धं तिकीट वेगळं.
"दहाचे दे," म्हणतो.
"किती झाडं झाली आता?" ती विचारते.
मी टॅब उघडतो.

घेर: पासष्ट, साठ, बासष्ट.
प्रकृती: ठीक. ठीक. ठीक.
फळधारणा या रकान्याशी नेहमी थांबतो,
तोंडातलं बी या गालातून त्या गालात सरकवतो,
'आहे' लिहितो,
आणि भिंतीच्या कडेला जिथं सिमेंट कमी पडलंय,
तिथं नेम धरून थुंकतो.